रेवदंड्याचं लग्नवालं बुकिंग

रेवदंडा,
२२ एप्रिल २०२६

प्रिय प्रणय,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. लिहिलंय तर राहू दे, पहिल्याच ओळीत खाडाखोड नको.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखतो, पण तो नेहमीचाच. पप्पांचे दोन्ही टेम्पो चालू आहेत, बंदरावर बर्फ पोचवायचं काम या महिन्यात जोरात आहे. उकाडा मरणाचा आहे. पार्लरमध्ये लग्नसराईची इतकी गर्दी की दुपारचं जेवण उभ्याने होतं. रोज कुणाची ना कुणाची हळद असते, आणि खुर्चीत बसलेली नवरी आरशातून मला विचारते, "अमिषाताई, तुमची कधी?" मी म्हणते, "सरकारला विचार." त्या हसतात. त्यांना वाटतं मी गंमत करते.

तू कसा आहेस ते विचारत नाही. कालपासूनचे मिस्ड कॉल बघता बोटं शाबूत आहेत एवढं कळलं.

पत्र का आणि फोन का नाही, ते आधी सांगते. फोनवर तू विकतोस. आवाज खाली आणतोस, "ऐक ना, अमू" म्हणतोस, माझ्याच रागाची कारणं मला समजावून सांगतोस आणि शेवटी मीच "बरं" म्हणून फोन ठेवते. ठेवल्यावर आठवतं की आपण भांडायला फोन केला होता. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. पाकिटावर तुझ्या गाड्यांच्या शोरूमचा पत्ता घातलाय, कारण घरी पाठवलं असतं तर तुझ्या आईने आधी उघडलं असतं, आणि हे त्या बाईने असं वाचावं असं मला वाटत नाही.

आता उजळणी करते. तुझ्यासाठी नाही, तुला सगळं पाठ आहे. मलाच एकदा सगळं ओळीने मांडून बघायचंय.

दिवाळीनंतर आपली सुपारी फुटली. तुझे बाबा आमच्या ओटीवर सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "आमाला नारल आन पोर. बाकी कायबी नको." पप्पांनी तोंड फिरवून डोळे पुसले होते. लग्न माघात ठरलं. त्याच आठवड्यात तू मला अलिबागच्या किनाऱ्यावर नेलंस आणि भेळ खाता खाता हळूच म्हणालास, "बाबा चारचौघांत बोलणार नाहीत गं. पण त्यांच्या मनात गाडी आहे. काकाच्या सुनेने आणली ना, तेव्हापासून." मी विचारलं, मागितली का त्यांनी? तर म्हणालास, "मागितली नाही, तेच तर. मागितली असती तर मी भांडलो असतो."

काय वाक्य होतं! मी ते घरी येऊन पप्पांना जसंच्या तसं सांगितलं. याला हुंडा म्हणतात आणि तो गुन्हा आहे, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. आम्ही त्याला 'पोरीची गाडी' म्हटलं. त्याचा राग माझा मला आहे, तो माझा मी बघेन. हे पत्र तुझ्यावरच्या रागाचं आहे.

पप्पांनी आपली एक छोटी पेट्रोल गाडी बघितली होती. बंदरावरचा मेकॅनिक झोपेतही दुरुस्त करील अशी. तर तुझं तोंड उतरलं. दुसऱ्या कंपनीची गाडी तुझ्या दारात उभी राहिली तर शोरूमवाले हसतील म्हणे. घ्यायची तर आमची हायब्रिड घ्या, एक सेल माझ्या नावावर पडेल, घरातल्या घरात. पण हायब्रिड महाग. मग सुरू झालं तुझं व्याख्यान.

ते मला अजून तोंडपाठ आहे. इलेक्ट्रिक गाडीला आपल्या राज्यात रस्ता कर माफ आहे, हायब्रिडला नाही. उत्तरेकडच्या एका राज्याने हायब्रिडचाही माफ केला तर तिथे गाड्या हातोहात गेल्या. आता आपल्याकडेही होणार, फाइल वर गेली आहे, सही तेवढी बाकी आहे. इलेक्ट्रिकवाल्या कंपन्या ती फाइल मागे ओढतायत आणि तुमची कंपनी पुढे ढकलतेय. "कर माफ झाला की फरक निघून जाईल, अमू. पप्पांच्या खिशाला तोशीस नाही. थोडं थांबायचं फक्त."

पप्पा डेमो गाडीत बसायला आले होते तो दिवस आठवतो? तू बटण दाबलंस. पप्पा वाट बघत बसले. शेवटी म्हणाले, "कर की चालू." तू म्हणालास, चालूच आहे. मग वाटेत तू अभिमानाने दाखवत होतास, आता बॅटरी, आता पेट्रोल, आता परत बॅटरी. पप्पा म्हणाले, "कवा बॅटरी, कवा पेट्रोल, आत बसलेल्याला कललाच न्हाय पायजे, असा केलंय काय?" तू टाळी द्यायला हात पुढे केलास. "तेच तर भारी आहे, पप्पा!"

गाडी बुक झाली. बुकिंगवर तू नाव घातलंस 'अमिषा प्रणय म्हात्रे'. मी म्हटलं, अजून माझं आडनाव घरत आहे. तू म्हणालास, नोंदणी होईल तेव्हा लग्न झालेलं असेल. मला ते फार आवडलं होतं.

मग माघ गेला. पाडवा गेला. दोन्ही वेळा तुझं उत्तर एकच. "मी तयार आहे गं, बाबाच ऐकत नाहीत. म्हणतात, सूट येऊ द्या, सोयऱ्यांचा खर्च उगाच कशाला वाढवायचा." म्हणजे दिसायला आमची काळजी, आणि असायला गाडीचा हट्ट. मी तुझ्या बाबांचा इतका राग केला की विचारू नकोस. शिमग्याला होळीभोवती आम्ही बोंबा मारत होतो ना, तेव्हा बाकीच्या पोरी कुणाकुणाच्या नावाने मारत होत्या. मी अंबाजी म्हात्रे या नावाने मारली. पोटातून मारली. आई म्हणाली, हळू, घसा बसेल.

आणि या सगळ्यात गावाची करमणूक. तुमच्या समोरच्या शोरूममधला चंदर मिठाईचा पुडा घेऊन आमच्या घरी येऊन गेला, हे तुला मी सांगितलं नव्हतं. तो इलेक्ट्रिक विकतो, त्याचं सगळं उलट. तू म्हणायचास थांबा, हायब्रिडची सूट कधीही येईल. तो म्हणायचा घाई करा, इलेक्ट्रिकची सूट कधीही जाईल. दोघांनीही तो सरकारी कागद डोळ्यांनी बघितलेला नाही, पण दोघेही तोच विकत होतात. त्यामुळे चौल-रेवदंड्यात गाडी घ्यायची ऐपत असलेली माणसं हात बांधून बसली. वाडीवाले बसले, लॉजवाले बसले. कुणाचं काही अडलं नाही, जुन्या गाडीत अजून एक सीझन निघतो. अडलं ते माझं.

चंदर जाताना पप्पांना म्हणाला, "काका, आमच्याकडे सूट आजच आहे, लग्न उद्या लावा." मला त्याचा राग यायला हवा होता. पण मनात आलं, निदान हा 'उद्या लावा' तरी म्हणतो.

सोनाबाई आत्याचं तर तुला काही वाटलंच नाही. आमच्या घरची धवलारीण ती, लग्नविधीची गाणी म्हणणारी. तुमच्याकडे आता बेंजो लावतात आणि भागवतात, पण आमच्या घरात धवलारणीने धवला गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. तिने माझ्यासाठी माघातली तारीख धरून ठेवली, मग चैत्रातली. दोन्ही वेळा दुसऱ्यांची बोलावणी परत पाठवली. तिच्यासारख्या गाणाऱ्या बायका आता इकडे राहिल्यात किती? आणि तू काय निरोप पाठवलास? "आत्यांना सांग, धवल्यात गाडीचं नाव घ्या. रील बनवू, कंपनी शेअर करेल." मी तिला तो वाचूनही दाखवला, इतकी मी तुझ्या बाजूची होते. आत्याने सुपारी कातरायची थांबवली. "धवल्यात मी मेलेल्यांची पन नावां घेते," म्हणाली, "पन ती घरची अस्तात. गारी कोन लागते आपली?"

मी ते तुला कळवलं नाही. "आत्या बघते म्हणाली" असं काहीतरी लिहिलं. तुझी लाज माझ्या घरच्यांपुढे झाकायची आणि माझ्या घरच्यांचं बोलणं तुझ्यापासून झाकायचं, हेच काम करत होते मी इतके महिने.

आता वैशाख चालू आहे. तो संपला की अधिक महिना, त्यात लग्न नाही. मग पाऊस, मग चातुर्मास. म्हणजे तुळशीचं लग्न लागेपर्यंत माझं लागणार नाही. पप्पांनी कॅलेंडर बघितलं आणि म्हणाले, "सूट आली तं आली, न्हाय तं न्हाय. फरक मी भरतो. लगीन याच वैशाखात." आत्याने वैशाखातली तारीख धरली आणि आम्ही अक्षय्य तृतीयेला शोरूमला आलो. तुला सांगितलं नाही. तुला अचानक खूश करायचं होतं. हसू नकोस. मी नवीन ड्रेस घातला होता.

तू नव्हतास. पोयनाडला डिलिव्हरी द्यायला गेला होतास. तुमच्या मॅनेजर रुचिका मॅडम भेटल्या. फार गोड बाई. मी नाव सांगितलं तर टाळी वाजवून म्हणाल्या, "अय्या, म्हणजे तुम्हीच ते रेवदंड्याचं लग्नवालं बुकिंग?"

मला वाटलं, तू माझ्याबद्दल सांगितलं असशील. मी लाजले, प्रणय. मी तिथे, एसीत, पप्पांच्या शेजारी उभी राहून लाजले.

मग त्यांनी खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं आणि सगळं सांगितलं. लपवायचं असं त्यांच्या मनातच नव्हतं, कारण त्यांच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काही नाही. अशी लग्नवाली बुकिंगं तुम्ही बाजूला धरून ठेवली आहेत. सरकारची ऑर्डर निघाली की त्याच आठवड्यात सगळ्या गाड्या एकदम बाहेर काढायच्या. दारात रांग, हार, फोटो, आणि पेपरात बातमी की सूट जाहीर होताच हायब्रिडवर उड्या. ती वरपर्यंत पोचते, मग सूट टिकते. आणि समोरच्या इलेक्ट्रिकवाल्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

पप्पांनी सरबत खाली ठेवलं. "म्हंजे आज गारी नेली तं आमाला महाग पडंल?"

"नाही हो काका," त्या म्हणाल्या. "आज कंपनी स्वतःच सवलत देतेय ना, इलेक्ट्रिकशी टक्कर म्हणून. सरकारची सूट आली की कंपनी आपली काढून घेणार. तुम्ही आज न्या की नंतर न्या, तुम्हाला तेवढंच पडणार."

पप्पांनी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. पप्पा म्हणाले, "मंग आमी थांबलो कशाला?"

"प्रणयच म्हणाला, घरचंच लग्न आहे, तारीख माझ्या हातात आहे, ऑर्डरच्या आठवड्यात बसवतो. फार हुशार मुलगा. पनवेलच्या मॅनेजरच्या जागेसाठी त्याचंच नाव पुढे आहे."

पप्पा उठले. मॅडमना नमस्कार केला. घरी येताना टेम्पोत, आमच्या वळणावर गिअर टाकताना म्हणाले, "ड्रेस चांगला हाय गो तुझा." मी खिडकीकडे तोंड करून रडले.

तुला वाटत असेल, हेच ते. यासाठीच ही फोन उचलत नाही. नाही रे. यातूनसुद्धा मी तुला सोडवलं. त्या दिवशी घरी येऊन मी स्वतःची समजूत घातली: बाबांचा हट्ट आहेच, त्यात याचं टार्गेट आयतं बसलं. नोकरी आहे, वर जायचंय, माणूस थोडा घसरतो. दोन दिवस राग धरायचा आणि मग "बरं" म्हणायचं, असं माझं जवळजवळ ठरलं होतं.

काल काय झालं ते लिहायला बसले होते, आणि इतकी पानं इकडचं तिकडचंच लिहीत राहिले. पार्लर उघडायला हवं. दुपारी पुढचं लिहिते.

*

दुपार. दोन नवऱ्या झाल्या. हात मेंदीने केशरी झालेत, कागदाला डाग पडला तर पडू दे.

काल सकाळी तुझे बाबा आले. एकटे, एसटीने. हातात पांढऱ्या कांद्याची एक माळ, जाडजूड, स्वतः वळलेली. मी आत स्वयंपाकघरात होते. ते आलेले बघून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता हा म्हातारा तोंडावर सांगायला आलाय की गाडीशिवाय लग्न नाही. मी पाणीसुद्धा नेऊन दिलं नाही, आईला पाठवलं.

ते ओटीवर बसले, पण टेकले नाहीत. टोपी गुडघ्यावर काढून ठेवली आणि म्हणाले, "बुधाजीशेट, तुमची पोर आमाला द्यायची नसंल तं सरल सांगा. गारी, सूट, असल्या बहान्यांनी आमाला झुलवू नका. मानसा आमाला इचारून इचारून बेजार करतान."

पप्पा म्हणाले, "आमी झुलवतो? आवो, तुमीच सांगितलं ना, सूट आल्याबिगर लगीन न्हाय?"

"मी? मी कवा सांगितलं?"

"प्रणयला सांगितलं तुमी."

"प्रणयनी तं आमाला सांगितलं, सासऱ्याची हौस हाय. त्यांना हायब्रिडच द्यायची हाय पोरीला, सूट येई तवर तारीख धरीत न्हायत. मी त्याला चार येला बोललो, आरं, आमाला गारी नको. तं म्हनला, मी तयार हाय बाबा, तेच आयकत न्हायत."

मी आत गॅस बंद केला.

तुला आठवतं, आपली ओळख झाली त्या दत्तजत्रेत? चौलच्या पायऱ्यांखाली तू डेमो गाडी घेऊन उभा होतास आणि जत्रेतल्या एवढ्या पोरींतून मलाच म्हणालास, "मॅडम, एक राउंड?" आगरदांड्याच्या रस्त्याला नेलं होतंस, समुद्राच्या कडेने. तेव्हा तू मला तुमच्या धंद्यातली एक गंमत सांगितली होतीस. गिऱ्हाइकाला म्हणायचं, मी तयार आहे हो, मॅनेजरच ऐकत नाही. मग आत जायचं आणि मॅनेजरला म्हणायचं, मी तयार आहे, गिऱ्हाइकच ऐकत नाही. मध्ये जाऊन एक चहा प्यायचा. दोघांनाही वाटतं, हा आपला माणूस. मी हसून हसून लोटपोट झाले होते. मला वाटलं होतं, किती मोकळा मुलगा आहे, स्वतःची लबाडी स्वतःच सांगतो.

ती युक्ती तू माझ्या बापावर केलीस. तुझ्या बापावर केलीस. माझ्यावर केलीस. सहा महिने आम्ही दोन घरं एकमेकांना हावरट समजत बसलो आणि तू मध्ये चहा पीत होतास.

ती भेळसुद्धा! "मागितली असती तर मी भांडलो असतो." त्यांच्या मनात कधी गाडी नव्हतीच. गाडी तुझ्या मनात होती, तुझ्या पनवेलच्या खुर्चीत होती. आम्हाला सरळ मागायची तुझी हिंमत नव्हती, म्हणून तू बापाचं तोंड वापरलंस. ज्या माणसाने भर बैठकीत नारळ आणि मुलगी मागितली, त्याचं तोंड!

मी बाहेर आले. तुझे बाबा उभे राहिले. मी लहान आहे, मी सून होणार होते, आणि ते माझ्यापुढे उभे राहून हात जोडून म्हणाले, "पोरी, चुकी आमची हाय. आमी त्याला नीट वाढवला न्हाय." मी त्यांचे हात धरले आणि खाली केले. या माणसाच्या नावाने मी शिमग्याला बोंब मारली होती. हे मी त्यांना सांगू शकले नाही, आणि त्यांनी तुझ्यासाठी माझ्यापुढे हात जोडले हे मी तुला माफ करणार नाही. बाकी सगळं एखाद्या वेळी करेन. हे नाही.

आता खरं सांगायचं ते पुढे आहे.

ते म्हणाले, "लगीन याच वैशाखात करू. तुमी म्हनाल त्या दिवसाला. गारी न्हाय, कायबी न्हाय. मी त्याला कान धरून आनतो. तू फक्त व्हय म्हन." आई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला तिच्याकडे बघवेना. "पोरगा हाय, चुकला. शिकंल," ती म्हणाली. पप्पांनी माझ्यावर सोडलं.

मला जे हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. वैशाख, गाडीशिवाय, आणि सासरा असा की ज्याच्या घरी मी डोळे झाकून नांदले असते. आणि मला कळलं की मी व्हय म्हणणार नाही.

कारण लग्न त्यांच्याशी लागणार नव्हतं, तुझ्याशी लागणार होतं. उद्या घर बांधायचं असो, मुलांची शाळा असो, आईचं ऑपरेशन असो, तू माझ्याकडे येऊन म्हणशील, मी तयार आहे अमू, बाबाच ऐकत नाहीत. त्यांच्याकडे जाऊन म्हणशील, मी तयार आहे, अमूच ऐकत नाही. आणि मी जन्मभर एका भल्या माणसाच्या नावाने पोटातून बोंबा मारत राहीन. तुझं खरं तोंड मला कधी दिसणारच नाही. तू वाईट असतास, प्यायचास, मारायचास, तर लोकांना दाखवता तरी आलं असतं. तू तर सगळ्यांचा आपला माणूस!

मी नाही म्हटलं. साखरपुड्याची अंगठी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उपरण्याच्या टोकाला बांधली. निघताना दारात म्हणाले, "कांदे ठेव गो. ते तुझ्यासाठी आनले होते." ते मी ठेवून घेतले आहेत. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेत.

सोनाबाई आत्याला रात्री सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, म्हणजे वैशाखातली ती तारीख मोकळी झाली, मुरुडकडची एक मुलगी कधीची अडून बसली आहे. तारीख तिला दिली. त्या मुलीचा मेकअप मीच करणार आहे. आत्या गाईल आणि मी तिला नटवीन. मला रडू येईल की नाही ते माहीत नाही. आलं तर नवरीला सांगेन, स्प्रे डोळ्यात गेला.

कालपासून तुझे फोन का थांबत नाहीत, ते मला मघाशी कळलं. मला वाटलं होतं, बाबा घरी येऊन तुला बोलले असतील, तू घाबरला असशील, माफी मागायची असेल. मग चंदरचा मेसेज आला. "हायब्रिडची ऑर्डर निघाली म्हणे. आता तरी तुमचं लग्न लागेल ना?" बातमी खरी आहे की तुमच्या दोन्ही शोरूमच्या नेहमीच्या अफवांतली एक, ते मला माहीत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण तुला त्या आठवड्यात बसवायला लग्न हवं असणार. पप्पा सकाळीच जाऊन बुकिंग रद्द करून आले. रुचिका मॅडम म्हणाल्या, अरेरे, आत्ताच? तुझ्या फोटोतल्या रांगेत एक गाडी कमी दिसेल. कुणा दुसऱ्याचं लग्न बघ.

चंदरला मी उत्तर दिलं नाही. तोही पुडा घेऊन परत आला तर पप्पा त्याला बंदरापर्यंत सोडून येणार आहेत.

परत फोन करू नकोस. घरी येऊ नकोस. तुझ्या बाबांना मात्र आमचं घर कायम उघडं आहे, त्यांना हे मी तोंडावर सांगितलं आहे, म्हणजे तू जाऊन दुसरं काही सांगायची सोय नाही.

एक गोष्ट तुला सांगणार नव्हते. त्या बुकिंगवर तू लिहिलेलं नाव मी घरी येऊन पार्लरच्या बिलबुकाच्या मागे गिरवलं होतं. 'अमिषा प्रणय म्हात्रे'. पानभर. कुणी गिऱ्हाईक आलं की बुक उलटं करायचं. पहिल्यांदा 'म्हा' नीट जमत नव्हता, मग जमायला लागला, शेवटी शेवटी तर छान वळणदार येत होतं. एवढा सराव मी दहावीच्या परीक्षेला केला नव्हता. तुझ्यावर माझं खरंच प्रेम होतं, प्रणय. ते कुणी मला विकलं नव्हतं, ते माझं होतं, म्हणून आज एवढा राग येतो.

ते पान आज फाडलं. खालच्या सहीला सराव लागत नाही.

अमिषा बुधाजी घरत